विश्लेषण : सॉकेट उसना द्या, पण हिशेब ठेवा! ‘रस्ट’ भाषेतील ‘बॉरोइंग’ का महत्त्वाचे?

मोबाइलवर बातमी उघडली, यूपीआयने पैसे पाठवले किंवा कुणाला फोटो धाडला, की फोन आणि दूरच्या सर्व्हरदरम्यान एक जोडणी तयार होते. या जोडणीचे प्रोग्रामच्या हातात असलेले टोक म्हणजे ‘सॉकेट’. गेली चार दशके प्रोग्रामर या टोकाला एका साध्या आकड्याने ओळखत आले आहेत. तो आकडा नको तितका वेळ नको त्याच्या हाती राहिला, तर एकाचा डेटा दुसऱ्याच्या जोडणीत किंवा थेट डेटाबेसच्या फाइलमध्ये जाऊन पडू शकतो. असे घडलेलेही आहे. ‘रस्ट’ या प्रोग्रामिंग भाषेने ऑगस्ट २०२२मध्ये यावर उपाय आणला. त्यानुसार सॉकेट उसना देता येतो, पण उसनवारी फिटेपर्यंत मूळ मालकालाही तो बंद करता येत नाही. ही व्यवस्था चालते कशी आणि ती अपुरी कुठे पडते, याचा आढावा.

सॉकेट म्हणजे नेमके काय?

सॉकेटची आज रूढ असलेली पद्धत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकतज्ज्ञांनी १९८३मध्ये युनिक्सच्या ‘४.२ बीएसडी’ या आवृत्तीतून जगासमोर आणली. प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमकडे जोडणी मागतो. पत्ता, पोर्ट, वाटेत असलेला डेटा हा सगळा पसारा ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःकडे ठेवते आणि प्रोग्रामच्या हाती फक्त एक क्रमांक देते. युनिक्स, लिनक्स, अँड्रॉइड, आयओएस या घराण्यात या क्रमांकाला ‘फाइल डिस्क्रिप्टर’ म्हणतात. नाव फाइलचे असले तरी उघडलेली फाइल असो वा नेटवर्क जोडणी, दोघांनाही एकाच यादीतले क्रमांक मिळतात.

प्रत्येक प्रोग्रामसाठी ०, १ आणि २ हे क्रमांक प्रथेने ठरलेले असतात. ० आत येणाऱ्या मजकुरासाठी, १ बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी आणि २ चुकांच्या संदेशांसाठी. त्यापुढचे क्रमांक मागणीप्रमाणे दिले जातात. इथे ‘पॉसिक्स’ या मानकाचा एक नियम महत्त्वाचा आहे. नवी मागणी आली की त्या क्षणी मोकळा असलेला सर्वांत लहान क्रमांक द्यायचा. म्हणजे ७ क्रमांकाचा सॉकेट बंद झाला, की लगेच उघडणाऱ्या पुढच्या फाइलला किंवा जोडणीला बहुधा तोच ७ मिळतो. विंडोजमध्ये क्रमांक देण्याची रीत वेगळी आहे, पण जुने क्रमांक पुन्हा वापरात येण्याचा धोका तिथेही आहेच.

एका आकड्याने गोंधळ कसा होतो?

मोठ्या देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचे उदाहरण घेता येईल. एका भाविकाने चपला दिल्या आणि ७ नंबरचा बिल्ला घेतला. मुलाला सांगून ठेवले, ‘मी आत जातो, नंतर सात नंबर सांगून चपला घेऊन ये.’ पण दर्शन लवकर झाले. भाविकाने स्वतःच चपला घेतल्या आणि बिल्ला जमा केला. स्टँडवाल्याने तोच बिल्ला पुढच्या माणसाला दिला. इतक्यात मुलगा आला, त्याने ‘सात नंबर’ सांगितले आणि भलत्याच माणसाच्या चपला घेऊन गेला. यात कुणी खोटे बोलले नाही की चोरी केली नाही. फक्त मुलाकडे असलेला आकडा शिळा झाला होता.

प्रोग्राममध्ये नेमके हेच घडते. सर्व्हरवर एकाच वेळी अनेक ‘थ्रेड’ काम करत असतात. एक थ्रेड सॉकेट बंद करतो, दुसऱ्याकडे जुना आकडा शिल्लक असतो आणि तिसरा नवी जोडणी उघडून तोच आकडा मिळवतो. आता दुसऱ्या थ्रेडने उत्तर पाठवले, तर ते भलत्याच ग्राहकाकडे जाते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या दृष्टीने ७ हा क्रमांक वैध असल्यामुळे ती तक्रार करत नाही. प्रोग्राम बंद पडत नाही, चूक दाखवणारा संदेश येत नाही.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे एकच आकडा दोनदा बंद करणे. पहिल्यांदा आपला सॉकेट बंद होतो, दुसऱ्यांदा दुसऱ्याचा. लिनक्सच्या माहितीपुस्तिकेतही, बंद करण्याची विनंती मध्येच खंडित झाली तर ती पुन्हा करू नये, कारण दरम्यान तो क्रमांक दुसऱ्या थ्रेडला मिळालेला असू शकतो, असा इशारा आहे. असे दोष क्षणाच्या योगायोगावर अवलंबून असतात. चाचणीत दहा वापरकर्ते असताना सगळे सुरळीत चालते. लाखोंची गर्दी झाली, की हा योगायोग रोजचा होतो.

असे खरोखर घडले आहे का?

सर्वांत बोलके उदाहरण ‘एसक्यूलाइट’ या डेटाबेसच्या कर्त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. हा डेटाबेस जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. त्याच मंडळींच्या ‘फॉसिल’ या सॉफ्टवेअरचे मुख्य भांडार ३० ऑगस्ट २०१३च्या सुमारास बिघडले. कारण शोधताना लक्षात आले, की चुकांच्या संदेशांसाठी राखलेला २ हा क्रमांक आधीच चुकून बंद झाला होता. डेटाबेसची फाइल उघडली तेव्हा मोकळा असलेला तोच २ तिला मिळाला. पुढे प्रोग्राममधील एका दोषामुळे चुकीचा संदेश छापायची वेळ आली. तो नेहमीप्रमाणे २ वर लिहिला गेला आणि डेटाबेसच्या काही भागावर जाऊन बसला. यानंतर ऑक्टोबर २०१३च्या ३.८.१ आवृत्तीपासून एसक्यूलाइट डेटाबेससाठी हे सुरुवातीचे लहान क्रमांक स्वीकारतच नाही.

दुसरे उदाहरण ऑगस्ट २०१४मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी जाहीर केले. त्यांच्या आयफोन ॲपमधील डेटाबेस फाइल अधूनमधून बिघडत होत्या. बिघडलेल्या फाइल तपासल्या तेव्हा त्यांत नेटवर्कवर पाठवायच्या कूटबद्ध मजकुराचे तुकडे सापडले. सॉकेटसाठी निघालेला मजकूर, क्रमांकांची अदलाबदल झाल्यामुळे, फाइलमध्ये उतरला होता. दोन्ही घटनांत अनुभवी माणसे होती. तेव्हा ‘प्रोग्रामरने काळजी घ्यायला हवी होती’ एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

मोबाइल कंपन्यांनी काय केले?

२०१९च्या अँड्रॉइड १०मध्ये गुगलने ‘एफडीसॅन’ नावाची तपासनीस यंत्रणा आणली. प्रत्येक क्रमांकावर मालकाची खूण लावायची आणि बंद करणारा तोच मालक आहे का, हे पाहायचे, अशी तिची रीत. अँड्रॉइड १०मध्ये उल्लंघन दिसले तर फक्त इशारा नोंदवला जाई. अँड्रॉइड ११पासून ॲपच बंद पाडले जाते. चुकीचा डेटा चुकीच्या जागी जाण्यापेक्षा ॲप बंद पडलेले बरे, हा त्यामागचा विचार. मात्र ही तपासणी प्रोग्राम चालू असताना होते, म्हणजे तोवर ॲप ग्राहकाच्या हाती पोहोचलेले असते. शिवाय खूण लावलीच नसेल, तर यंत्रणेला काही कळत नाही. चूक ॲप तयार होतानाच पकडता आली तर? रस्टचा मार्ग इथून सुरू होतो.

रस्टमध्ये मालकी आणि उसनवारी म्हणजे काय?

ग्रेडन होअर यांनी २००६मध्ये वैयक्तिक प्रकल्प म्हणून सुरू केलेली ही भाषा पुढे मोझिलाच्या आश्रयाने वाढली आणि मे २०१५मध्ये तिची १.० आवृत्ती आली. रस्टमध्ये प्रत्येक गोष्टीला एका वेळी एकच मालक असतो. मालकाचे काम संपले, की ती गोष्ट आपोआप आवरली जाते. सॉकेट असेल तर तो बंद होतो. बंद करायला विसरणे किंवा दोनदा बंद करणे, या दोन्ही चुका इथेच टळतात.

पण प्रत्येक वेळी मालकी सोपवणे सोयीचे नसते. एखाद्या फंक्शनला सॉकेट क्षणभर हवा असतो, म्हणून ‘बॉरोइंग’, म्हणजेच उसनवारी. वस्तू मालकाचीच राहते, दुसरा ती ठरावीक काळ वापरतो. हा काळ, ज्याला रस्टमध्ये ‘लाइफटाइम’ म्हणतात, कंपायलर तपासतो. उसनी गोष्ट कुणाकडे असताना मालकाने ती मोडीत काढायचा किंवा दुसऱ्याला देऊन टाकायचा प्रयत्न केला, तर प्रोग्राम तयारच होत नाही. ‘उसनी दिलेली असताना ती हलवता येणार नाही’ अशा आशयाची, ई०५०५ क्रमांकाची चूक दाखवली जाते. रस्ट नव्याने शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाची या चुकीशी गाठ पडते आणि सुरुवातीला तिचा रागही येतो.

मग रस्टमध्ये उणीव कुठे होती?

रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीतील टीसीपी जोडणीचा प्रकार पहिल्यापासून मालकीच्या नियमाने चालत होता. अडचण होती ती ऑपरेटिंग सिस्टीमशी थेट बोलताना. तिथे ‘कच्चा’ क्रमांक काढून द्यावा लागे आणि रस्टमध्येही तो म्हणजे निव्वळ एक पूर्णांक होता. मूळ सॉकेट बंद झाला तरी हा पूर्णांक मागे उरत असे. तो कुणाचा आहे, कधीपर्यंत चालेल, याबद्दल कंपायलरला काहीच माहिती नसे.

त्याहून गंभीर बाब अशी, की ‘मी सॉकेट आहे, हा घ्या माझा क्रमांक’ असे म्हणणारा कोणताही प्रकार कुणालाही सुरक्षित समजल्या जाणाऱ्या कोडमध्ये लिहिता येत होता. त्याने मनाला येईल तो आकडा दिला तरी घेणाऱ्या लायब्ररीला तो खराच मानावा लागे. मेमरीच्या बाबतीत काटेकोर असलेली भाषा सॉकेटच्या बाबतीत मात्र बिल्ल्याच्या तोंडी नंबरावर विश्वास ठेवत होती. २०२१मध्ये मांडल्या गेलेल्या ‘आय/ओ सेफ्टी’ या ३१२८ क्रमांकाच्या प्रस्तावाने नेमके यावर बोट ठेवले.

२०२२मध्ये काय बदलले?

११ ऑगस्ट २०२२ रोजी आलेल्या रस्टच्या १.६३ आवृत्तीत या प्रस्तावातील प्रकार स्थिर झाले. युनिक्स घराण्यासाठी ‘ओन्डएफडी’ आणि ‘बॉरोडएफडी’, तर विंडोजसाठी ‘ओन्डसॉकेट’ आणि ‘बॉरोडसॉकेट’. नावांतच अर्थ आहे. ‘ओन्ड’ म्हणजे मालकीचा, हद्द संपताच आपोआप बंद होणारा. ‘बॉरोड’ म्हणजे उसना, जो कधीच सॉकेट बंद करत नाही आणि ज्याला मालकापेक्षा जास्त काळ टिकता येत नाही. विंडोजमध्ये सॉकेट बंद करण्याची आज्ञा फाइल बंद करण्याच्या आज्ञेहून वेगळी असल्याने तिथे सॉकेटसाठी स्वतंत्र प्रकार ठेवावे लागले.

या सुरक्षेचा प्रोग्रामच्या वेगावर भार पडत नाही. उसना प्रकार मेमरीत तेवढीच जागा घेतो जेवढी कच्चा क्रमांक घेत होता. उसनवारीचा हिशेब फक्त प्रोग्राम तयार होताना मांडला जातो, चालताना त्याचा मागमूस राहत नाही. युनिक्सवर उणे १ हा आकडा कधीच वैध क्रमांक नसतो. त्याचाच उपयोग करून ‘सॉकेट नाही’ ही स्थितीही वेगळी जागा न लागता साठवली जाते.

उसना सॉकेट प्रत्यक्षात कसा वापरतात?

समजा, एका सर्व्हरला ‘कीपअलाइव्ह’ सुरू करायचे आहे. ग्राहकाचा फोन बोगद्यात गेला किंवा बॅटरी संपली, तर जोडणी मेली आहे हे ओळखण्यासाठीची ही सोय. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीतील टीसीपी जोडणीत ती थेट मिळत नाही, म्हणून ‘सॉकेट२’ ही लायब्ररी वापरतात.

जुनी युक्ती अशी होती. जोडणीचा कच्चा क्रमांक काढायचा, त्यावरून दुसरी सॉकेट वस्तू बनवायची, हवी ती मांडणी करायची आणि शेवटी ‘ही दुसरी वस्तू विसरून जा, बंद करू नकोस’ असे सांगायचे. मधल्या पायरीवर चूक आली आणि फंक्शन अर्ध्यातून परतले, की ‘विसरून जा’ची ओळ गाठलीच जात नसे. दुसरी वस्तू मोडताना सॉकेट बंद करून टाकी आणि मूळ मालकाच्या हाती मेलेला आकडा राही. आता ‘सॉकरेफ’ हा उसना प्रकार वापरला जातो. जोडणी उसनी द्यायची, मांडणी करायची आणि विषय संपला. फंक्शन अर्ध्यातून परतले तरी सॉकेट बंद होत नाही, कारण उसनवाराला बंद करण्याचा अधिकारच नाही.

त्याच १.६३ आवृत्तीत ‘स्कोप्ड थ्रेड’ही स्थिर झाले. ठरावीक चौकटीतले थ्रेड ती चौकट संपण्यापूर्वी पूर्ण होतात, याची हमी मिळते. त्यामुळे एकच सॉकेट दोन थ्रेडना उसना देता येतो. एक वाचतो, दुसरा लिहितो आणि दोघांचे काम संपेपर्यंत मालक तो बंद करू शकत नाही.

उसना घेण्यापेक्षा प्रत का काढू नये?

सॉकेटची प्रत काढता येते. ऑपरेटिंग सिस्टीम त्याच जोडणीसाठी दुसरा क्रमांक देते. पण प्रत्येक प्रतीसाठी यादीतली एक जागा खर्च होते आणि अनेक लिनक्स यंत्रणांवर एका प्रोग्रामची मूळ मर्यादा १,०२४ क्रमांकांची असते. हजारो ग्राहक असलेल्या सर्व्हरला ही चैन परवडत नाही. शिवाय मालकाने आपला सॉकेट बंद केला तरी एखादी प्रत कुठेतरी शिल्लक असेल, तर जोडणी जिवंतच राहते आणि पलीकडचा ताटकळतो. आणखी एक फसगत म्हणजे प्रती स्वतंत्र वाटतात, पण त्या तशा नसतात. एका प्रतीवर ‘वाट पाहू नकोस’ ही मांडणी केली, की ती दुसरीलाही लागू होते. दीर्घकाळ वेगळी मालकी हवी असेल तिथे प्रत योग्य, क्षणभराच्या कामाला उसनवारीच बरी.

मर्यादा काय?

उसनवारीची हमी क्रमांकापुरती आहे, जोडणीपुरती नाही. पलीकडच्याने फोन ठेवला, केबल तुटली किंवा रेंज गेली, तर उसना सॉकेट वैध असूनही डेटा जाणार नाही. ती चूक प्रोग्रामरलाच हाताळावी लागते. तसेच दोन उसनवार एकाच वेळी लिहू लागले तर मजकुराची सरमिसळ होऊ शकते. उसनवारी ते थांबवत नाही.

दुसरी मर्यादा ‘अनसेफ’ची. सी भाषेतील लायब्ररीकडून आलेला कच्चा क्रमांक उसन्या प्रकारात बसवायचा असेल, तर रस्टमध्ये ‘अनसेफ’ हा शब्द लिहावा लागतो. ‘हा क्रमांक तोवर उघडा राहील, याची जबाबदारी माझी’ असे ते हमीपत्रच. हमी खोटी निघाली तर कंपायलर वाचवू शकत नाही.

तिसरी मर्यादा लिनक्सच्या ‘आयओ यूरिंग’सारख्या नव्या पद्धतींची. तिथे काम आधी रांगेत टाकले जाते आणि नंतर पार पडते. फंक्शन परतले की उसनवारी संपते, काम मात्र बाकी असते. अशा ठिकाणी उसनवारी पुरत नाही, मालकीच सोपवावी लागते.

शिस्त कुणाच्या भरवशावर?

सुरक्षित भाषांचा आग्रह आता धोरणाच्या पातळीवर पोहोचला आहे. अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये मेमरीच्या दृष्टीने सुरक्षित भाषा वापरण्याचे आवाहन केले. अँड्रॉइडमधील सुरक्षादोषांत मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९मध्ये ७६ टक्के होता. नवे कोड रस्टसारख्या भाषांत लिहिण्यावर भर दिल्यानंतर तो २०२४मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचे गुगलने जाहीर केले. सॉकेटच्या क्रमांकांचा गोंधळ या आकडेवारीत मोजला जात नाही, कारण तो मेमरीचा दोष नव्हे. धडा मात्र तोच आहे. जो नियम माणसाने लक्षात ठेवायचा असतो, तो कधी ना कधी मोडतो. जो नियम कंपायलर पाळायला लावतो, तो मोडायचा तर ‘अनसेफ’ असे लिहून द्यावे लागते.

आपल्याकडील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्याची सॉकेटशी पहिली ओळख सी भाषेतील एक पूर्णांक म्हणूनच होते. ती ओळख आवश्यक आहे, कारण ऑपरेटिंग सिस्टीम आजही तीच भाषा बोलते. पण तो पूर्णांक कुणाच्या मालकीचा, कुणाकडे उसना आणि बंद कोण करणार, हे तीन प्रश्नही त्याच तासाला शिकवायला हवेत. रस्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी तर मार्ग आणखी सोपा आहे. फंक्शन लिहिताना कच्चा क्रमांक मागण्याऐवजी उसना प्रकार मागायचा आणि ‘अनसेफ’ दिसेल तिथे दुसऱ्या डोळ्यांनी तपासणी करून घ्यायची. यासाठी जास्तीच्या दोन-चार ओळी लिहाव्या लागतील. ग्राहकाच्या व्यवहाराचा तपशील अनोळखी माणसाच्या फोनवर पोहोचल्यावर द्यावे लागणारे स्पष्टीकरण त्याहून कितीतरी लांब असते.